समुद्राचं आम्लीकरण: नाशिक परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधली व्याख्यानं, शेतकरी मेळावे आणि व्हॉट्सॲप इथून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. जमेल तिथे विचारणाऱ्याचेच शब्द ठेवले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अडचणीचे. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. पीएचसाठी सगळीकडे माती-पाण्याच्या रिपोर्टवरचा ‘सामू’ हाच शब्द वापरला आहे, कारण तो आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

१. समुद्राचं आम्लीकरण म्हणजे काय? पाणी आंबट होणार का?

आंबट होणार नाही. समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्याचा सामू आज सरासरी ८.१ च्या आसपास आहे, म्हणजे ते अल्कधर्मी आहे आणि या शतकात तरी अल्कधर्मीच राहील. पण अठराव्या शतकाच्या मध्यावर, कारखानदारी सुरू होण्याआधी, हाच आकडा साधारण ८.२ होता. तो खाली सरकतो आहे आणि अजून सरकणार आहे. याच घसरणीला आम्लीकरण म्हणतात.

कारण सरळ आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून, सिमेंट बनवून, जंगलं तोडून आपण दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हवेतलं या वायूचं प्रमाण दशलक्षात २८० भाग होतं, ते आता ४२० च्या वर गेलं आहे. समुद्राने आपला वाटा उचलला नसता तर ते आणखी वर असतं. हवामान सावरून धरण्याची किंमत समुद्राने स्वतःच्या रसायनशास्त्रातून मोजली आहे.

बातम्यांत फक्त सामू येतो. माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट कार्बोनेटची आहे. ती प्रश्न ३ मध्ये आहे आणि पुढची बरीच उत्तरं तिच्यावरच उभी आहेत.

२. ८.२ चा ८.१ झाला. एवढ्याशा फरकाचा गवगवा कशाला?

सामूचं मोजमाप लॉगरिथमवर चालतं. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ते सुचवलं. सामू १ ने उतरला की पाण्यातले हायड्रोजन आयन दहापट होतात. ०.१ ने उतरला की ते सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. नेमकी घट ०.११ धरली तर हीच वाढ २९ टक्के होते. म्हणूनच कुठे २६ तर कुठे ३० टक्के वाचायला मिळतं. दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत.

वेगही पाहा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून खुल्या समुद्रात सलग मोजमापं चालू आहेत, हवाई आणि बर्म्युडाजवळची त्यांत सर्वात जुन्यांपैकी. त्यांच्यावरून सामू दर दशकाला ०.०१७ ते ०.०२७ ने उतरतो आहे. उत्सर्जन असंच भरमसाट वाढत राहिलं तर या शतकाअखेर आणखी सुमारे ०.३ ची घट अपेक्षित आहे. वेळीच आवरलं तर घट ०.१ च्या आत राहू शकते.

३. कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात गेल्यावर नक्की काय होतं? सोप्या भाषेत सांगा, पण अर्धवट नको.

पाण्यात विरघळलेल्या वायूचा थोडासा भाग पाण्याशी जुळून कार्बोनिक आम्ल होतो. हे आम्ल एक हायड्रोजन आयन सोडतं आणि मागे बायकार्बोनेट उरतं. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपते. समुद्रातली महत्त्वाची गोष्ट इथून सुरू होते.

समुद्राच्या पाण्यात कार्बोनेट आधीपासूनच असतं. सुटलेले बहुतेक हायड्रोजन आयन मोकळे हिंडत नाहीत. कार्बोनेट त्यांना पकडतं आणि स्वतःच बायकार्बोनेट होऊन जातं. जमाखर्च मांडला तर असा दिसतो: एक रेणू कार्बन डायऑक्साइड, एक कार्बोनेट आणि एक पाणी गेलं, आणि दोन बायकार्बोनेट आले. सामू फारसा हलत नाही तो याचमुळे. कार्बोनेट मध्ये उभं राहून धक्का झेलतं, पण प्रत्येक धक्क्याला एक कार्बोनेट कमी होतं.

आज वरच्या थरातल्या एकूण विरघळलेल्या कार्बनपैकी ढोबळमानाने ९० टक्के बायकार्बोनेट असतं, ९ टक्के कार्बोनेट असतं, आणि जेमतेम १ टक्का मूळ वायूच्या रूपात असतो. शिंपले, प्रवाळ आणि कवचवाले सूक्ष्मजीव ज्याच्या भरवशावर जगतात ते हे मधलं ९ टक्के, आणि नवा कार्बन डायऑक्साइड पचवायला समुद्र खर्च करतो तेही हेच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. हवेतला कार्बन डायऑक्साइड १० टक्क्यांनी वाढला, तर वरच्या थरातला एकूण विरघळलेला कार्बन फक्त १ टक्क्याच्या आसपास वाढतो. या गुणोत्तराला रेव्हेल गुणांक म्हणतात. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ साली समुद्राचा हा अटकाव दाखवला. त्याआधी, माणसाने सोडलेला बहुतेक सगळा वायू समुद्र निमूटपणे गिळून टाकेल, असं अनेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. कार्बोनेट जसजसं घटतं तसतसा हा गुणांक वाढतो, म्हणजे समुद्राची शोषून घेण्याची ताकद कमी होत जाते.

४. आमच्या बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टवर बायकार्बोनेट जास्त येतं. समुद्रातलं बायकार्बोनेट आणि हे एकच का?

एकच. आणि द्राक्ष बागायतदाराला समुद्राचं रसायनशास्त्र समजायला यापेक्षा चांगली वाट नाही.

फवारणीच्या पाण्याचा सामू उतरवायला तुम्ही आम्ल टाकता, तेव्हा धरणाचं पाणी थोडक्यात ऐकतं आणि बोअरचं पाणी ऐकत नाही. दोन्हींचा सामू सुरुवातीला ७.८ असला तरी बोअरच्या पाण्याला कितीतरी जास्त आम्ल लागतं, कारण टाकलेलं आम्ल आधी बायकार्बोनेट खाऊन टाकतं. आम्ल पचवायच्या या ताकदीला अल्कता म्हणतात. सामू वेगळा, अल्कता वेगळी. समुद्राबद्दलचा निम्मा गोंधळ हा फरक लक्षात न आल्यामुळे होतो.

रिपोर्टवर बायकार्बोनेट लिटरला ३०५ मिलिग्रॅम असेल, तर ते ५ मिलिइक्विव्हॅलंट होतं (अल्कता या एककात मोजतात). समुद्राची एकूण अल्कता साधारण २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते. म्हणजे निफाड किंवा सिन्नरच्या एखाद्या कठीण पाण्याच्या बोअरमध्ये समुद्रापेक्षा दुप्पट अल्कता सहज असू शकते. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही. पण समुद्राचा खारटपणा मिठाचा असतो आणि अल्कतेत त्या मिठाचा काही वाटा नसतो.

आता ठिबकच्या नळीकडे या. काळी लॅटरल उन्हात तापते, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि दोन बायकार्बोनेट मिळून एक कार्बोनेट होतं. ते कॅल्शियमला धरून ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं बसतं. ही प्रश्न ३ मधल्या अभिक्रियेची उलटी दिशा आहे. आम्ल सोडून तुम्ही नळ्या धुता तेव्हा तोच थर विरघळतो आणि बुडबुडे येतात. समुद्रातल्या कवचांपुढचं संकट याच रसायनशास्त्राचं आहे, फक्त तिथे आम्ल हवेतून येतं आणि फार हळू येतं.

५. शाळेत प्रयोग करून दाखवता येईल का? चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते, एवढंच मुलांना माहीत असतं.

तोच प्रयोग पुढे न्यायचा. पुस्तकात तो मध्येच थांबतो आणि खरी मजा पुढेच आहे.

खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी अलगद काढून घ्या. आता एक भाग निवळीत दहा भाग आरओचं किंवा ऊर्ध्वपातित पाणी घाला. विरळ करणं टाळू नका. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के असतो, आणि दाट निवळीतला चुना परत पूर्ण विरघळवायला तो पुरत नाही. मुलं फुंकून दमतात आणि प्रयोग फसला असं वाटतं. बोअरचं किंवा नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे फुंकण्याआधीच ते गढूळ होतं.

स्ट्रॉने हळूहळू फुंका. पाणी दुधाळ होईल, हे कॅल्शियम कार्बोनेट झालं. थांबू नका. आळीपाळीने, मध्ये विश्रांती घेत फुंकत राहा. काही वेळाने दुधाळपणा विरळ होत जातो आणि पाणी पुन्हा स्वच्छ होतं. कार्बोनेटचं बायकार्बोनेट झालं. कवच ज्याचं बनतं तो पदार्थ फक्त श्वासातल्या वायूने विरघळताना मुलांनी पाहिला, याहून जास्त काही सांगावं लागत नाही. मग तेच पाणी चहाच्या भांड्यात उकळा, वायू निघून जाईल आणि पांढरा थर परत बसेल.

जांभळ्या कोबीचा रस दुसऱ्या ग्लासात घातला तर रंग हिरव्याकडून निळ्याकडे आणि पुढे जांभळटाकडे सरकताना दिसतो. चुन्याचं पाणी डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नका. लहान मुलांना स्ट्रॉमधून फक्त फुंकायला सांगा, आणि कोणाला गरगरलं तर लगेच थांबवा.

६. याचा त्रास नक्की कोणाला होतो?

सर्वात आधी कवच बांधणाऱ्या जिवांना, आणि त्यांतही त्यांच्या पिल्लांना.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं आहे. तिथल्या ओरेगॉन राज्यातल्या कालवांच्या उबवणी केंद्रात २००७-०८ च्या सुमारास कोट्यवधी पिल्लं मेली. आधी जंतूंचा संशय घेतला गेला. मग कळलं की वारा ठरावीक दिशेने वाहिला की खोलवरचं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी किनाऱ्याशी वर येतं आणि तेच टाक्यांत ओढलं जातं. कालवाचं पिल्लू पहिलं कवच पहिल्या दोनेक दिवसांत बांधतं. अंड्यातून मिळालेली शिदोरी तेवढ्यात संपते. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर ती शिदोरी कवच बांधण्यातच खर्च होते आणि पिल्लू मरतं. केंद्राने पाणी सतत मोजायला सुरुवात केली, घ्यायची वेळ बदलली, टाक्यांत सोडा ॲश म्हणजे सोडियम कार्बोनेट मिसळलं, आणि उत्पादन सावरलं. टाकीत हे जमतं. समुद्रात का जमत नाही ते प्रश्न १६ मध्ये आहे.

दुसरं उदाहरण दक्षिण महासागरातलं. पंखांसारख्या पायांनी पोहणाऱ्या टेरोपॉड नावाच्या चिमुकल्या गोगलगायी तिथे २००८ साली गोळा केल्या गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची कवचं झिजलेली दिसली. ही कवचं अरॅगोनाइटची असतात. कॅल्शियम कार्बोनेटचं हे रूप कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतं. प्रवाळही अरॅगोनाइटचेच असतात.

सगळ्यांचंच नुकसान होतं असं मात्र नाही. इटलीतल्या इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून नैसर्गिकरीत्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. तिथे सागरी गवत जोमाने वाढतं, आणि बुडबुड्यांच्या जवळ जावं तसे कवचवाले जीव कमी होत जातात. एक जग जाऊन दुसरं, अधिक एकसुरी जग येतं.

७. कवच बांधायला जीव बायकार्बोनेट वापरतात असं वाचलं. बायकार्बोनेट तर वाढतंय, मग कवच बांधणं सोपं व्हायला हवं ना?

हा प्रश्न फार चांगला आहे, आणि तो विचारणारा बरोबर वाचत आला आहे. अनेक जीव खरोखरच बायकार्बोनेट आत घेतात. पण त्याचं कार्बोनेट करताना हायड्रोजन आयन सुटतो. तो बाहेर फेकला नाही तर कवच बनण्याची जागाच आम्लधर्मी होते. बाहेरच्या पाण्यात हायड्रोजन आयन आधीच वाढलेले असतील तर ते बाहेर फेकायला जास्त ऊर्जा लागते. पोटभर अन्न मिळत असेल तर काही जीव हा खर्च सोसतात. पिल्लांना तो सोसत नाही.

दुसरी बाजू विरघळण्याची. पाण्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट पुरेसं आहे की नाही हे संपृक्ततेच्या आकड्यावरून कळतं. तो १ च्या वर असेल तर कवच टिकतं, खाली गेला तर उघडं कवच आपोआप झिजतं. उष्ण कटिबंधात अरॅगोनाइटसाठी हा आकडा साधारण ३ ते ४ आहे. ध्रुवांजवळच्या थंड पाण्यात तो १ च्या बराच जवळ असतो, कारण शून्य अंशाचं समुद्राचं पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं.

८. प्रवाळ पांढरे पडतात ते यामुळेच का?

नाही. पांढरे पडण्याचं मुख्य कारण उष्णता आहे. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतात. आम्लीकरणाने त्यांचा सांगाडा सावकाश आणि ठिसूळ वाढतो. दोन्हींचं मूळ एकाच वायूत आहे, पण घडण वेगळी. आपल्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळ पठार आहे. दोन्ही संकटं त्यांच्यापुढे एकदमच उभी आहेत.

९. मग नाशिकच्या बाजारात येणारे सुरमई, बोंबील, तिसऱ्या खायच्या की नाही?

जरूर खा. आम्लीकरणाने मासळी विषारी होत नाही. अडचण खाणाऱ्याची नाही, पकडणाऱ्याची आणि पुढच्या पिढीच्या मासळीची आहे. मासे कल्ल्यांतून रक्ताचा सामू सांभाळू शकतात. तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांना ते तितकं जमत नाही.

१०. आम्ल पाण्यात मासे बावचळतात, शत्रूचा वासही ओळखत नाहीत, असं ऐकलं होतं. खरं आहे का?

या दाव्यावर आता भरवसा ठेवता येत नाही. असे निष्कर्ष काही वर्षं खूप गाजले. नंतर दुसऱ्या गटाने मोठ्या संख्येने प्रवाळ-मासे घेऊन, प्रयोगांचं चित्रीकरण करून तेच तपासलं, तेव्हा वर्तनावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. २०२० साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. कवचांवरचा परिणाम मात्र कितीतरी प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या मार्गांनी पाहिला आहे. एका दाव्याने माघार घेतली म्हणून दुसरा डळमळत नाही.

११. गोदावरी तर बंगालच्या उपसागराला मिळते. मग नाशिकचा समुद्राशी संबंध काय?

त्र्यंबकेश्वरला अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. पण जिल्ह्याचं सगळं पाणी तिकडे जात नाही. सुरगाणा-पेठ भागातल्या दमणगंगा, पार, नार आणि त्र्यंबकच्या डोंगरातली वैतरणा पश्चिमेला उतरतात. नाशिक दोन्ही समुद्रांना पाणी देतं.

नदीतून दोन गोष्टी जातात. एक चांगली: पावसातलं कार्बोनिक आम्ल सह्याद्रीच्या बेसाल्टवर काम करतं, त्यातून बायकार्बोनेट तयार होतं आणि ते समुद्राची अल्कता भरून काढतं. हे काम लाखो वर्षं चालू आहे. दुसरी वाईट: सांडपाणी आणि शेतातून वाहून गेलेलं नत्र-स्फुरद. गोदावरीत पाणवेलींचा गालिचा कशावर पोसतो ते रामकुंडाच्या खाली जाऊन कोणीही पाहावं. असं खत किनाऱ्याजवळच्या समुद्रात पोचलं की शेवाळ माजतं, मरतं, कुजतं. कुजताना प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तिथेच तयार होतो. हे किनाऱ्यापुरतं आम्लीकरण हवेतल्या वायूमुळे होणाऱ्यावर वरून भर घालतं.

१२. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांतला वायू समुद्रात पोचायला किती दिवस लागतात?

राख आणि धूळ आसपासच बसते. कार्बन डायऑक्साइड मात्र वाऱ्याबरोबर पसरतो, वर्ष-दीड वर्षात साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळतो, आणि मग तो कोणत्या चिमणीतला ते वेगळं सांगता येत नाही. समुद्राच्या वरच्या थराला हवेशी बरोबरी साधायला या वायूच्या बाबतीत साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. प्राणवायूला काही आठवडे पुरतात. हा उशीर प्रश्न ३ मधल्या बायकार्बोनेटमुळे होतो, कारण आत आलेला वायू वायू म्हणून राहतच नाही आणि बरोबरी व्हायला तो येतच राहावा लागतो.

१३. मुंबईहून बाटलीत समुद्राचं पाणी आणलं. आमच्या सामू-पेनने ७.७ दाखवलं. म्हणजे जगाच्या सरासरीपेक्षा समुद्र इतका बिघडलाय?

या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचं आणि गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. बाटलीतले जिवाणू प्रवासभर श्वास घेत कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि घरी पोचेपर्यंत सामू उतरलेला असतो. संशोधक याच कारणाने नमुना घेतानाच त्यात मर्क्युरिक क्लोराइड टाकून जिवाणू मारतात. हे विष आहे, घरी कोणी करू नये.

पेनचीही मर्यादा आहे. ते ४, ७ आणि १० च्या गोड्या पाण्यातल्या बफरवर लावलेलं असतं, आणि खाऱ्या पाण्यात त्याचा आकडा हलतो. साध्या पेनची चूक ०.१ पर्यंत असते, आणि समुद्राची दोन-अडीचशे वर्षांतली घट नेमकी तेवढीच आहे. म्हणून जहाजांवर सामू रंगद्रव्य मिसळून प्रकाशमापनाने काढतात, आणि बरोबर अल्कता व एकूण विरघळलेला कार्बनही मोजतात. या चारांपैकी, म्हणजे सामू, अल्कता, एकूण कार्बन आणि वायूचा दाब यांपैकी, कोणतेही दोन नीट कळले, आणि तापमान व क्षारता (खारटपणा) माहीत असली, की बाकीचे दोन गणिताने निघतात.

तरी मुलांना घेऊन मोजा. एकाच जागी, त्याच पेनने, पहाटे आणि दुपारी मोजा. फरक शिकवण्याजोगा असतो (प्रश्न १४).

१४. प्रवाळांच्या उथळ पाण्यात सामू एका दिवसातच ०.३ ने हलतो म्हणे. मग शंभर-दोनशे वर्षांतल्या ०.१ ने काय बिघडणार?

दिवसा शेवाळ आणि सागरी गवत कार्बन डायऑक्साइड खाऊन सामू चढवतात, रात्री सगळ्यांच्या श्वासाने तो उतरतो. हा झोका जिवांच्या अंगवळणी पडलेला आहे. सरासरी खाली गेली की झोक्याचं खालचं टोकही खाली जातं, आणि जिवाने आधी कधी न पाहिलेले तास त्याच्या वाट्याला येतात. शिवाय कार्बोनेट घटल्यामुळे पाण्याची धक्का झेलायची ताकद कमी होते, त्यामुळे तेवढ्याच श्वासाने सामू आता जास्त खोल उतरतो. झोकाच मोठा होतो.

अरबी समुद्रात आणखी एक खोच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया, ओमान आणि आपल्या नैर्ऋत्य किनाऱ्यापाशी खालचं पाणी वर येतं. तिथे मधल्या खोलीवर प्राणवायू जवळपास नसलेला जगातला एक सर्वात मोठा थर आहे. प्राणवायू जिथे संपला तिथे कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड साठला, म्हणून त्या थराचा सामू मुळातच बराच खाली असतो. ज्या वाऱ्यांवर आपला पाऊस येतो तेच हे पाणी वर ओढतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून या समुद्राचा अभ्यास करते आहे.

१५. दोन शंका एकत्र विचारतो. गरम झालेला समुद्र वायू बाहेर सोडतो, मग हवेतला जास्तीचा वायू समुद्रातूनच आला नसेल कशावरून? आणि शिंपले कार्बन अडकवतात, म्हणजे शिंपले वाढवले की काम झालं ना?

पहिली शंका. वायू समुद्रातून निघून गेला असता तर समुद्रातला कार्बन घटला असता. प्रत्यक्षात मोजणीत तो वाढतो आहे आणि सामू उतरतो आहे. हवेतल्या कार्बनचे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, हेही तेच सांगतात: जुन्या वनस्पतींपासून बनलेल्या कोळसा-तेलात कार्बन-१३ कमी असतो आणि कार्बन-१४ उरलेलाच नसतो, आणि हवेत या दोन्हींचं प्रमाण त्याच पद्धतीने खाली आलं आहे. तापल्यामुळे समुद्राची शोषणशक्ती कमी होते हे खरं, पण आजही तो एकूणात घेतोच आहे.

दुसरी शंका अवघड आहे, आणि तिचं उत्तर तुमच्या ड्रीपरमध्ये आहे (प्रश्न ४). पांढरा थर बसताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. कवच बनतानाही तेच होतं: दोन बायकार्बोनेटपैकी एक कवचात जातं, दुसऱ्याचा वायू होतो. म्हणजे कवच बांधणं हे त्या क्षणी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वाढवतं. शिंपल्यांची शेती अन्नासाठी करावी, किनारा राखण्यासाठी करावी. कार्बन अडकवायचा उपाय म्हणून ती विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

१६. डायनासोरच्या काळात हवेत कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड होता, तरी शिंपले होतेच. मग आता काळजी कसली? आणि समुद्रात चुना किंवा आपल्या काळ्या दगडाची पूड टाकली तर?

दोन्हींचं उत्तर वेगात आहे, म्हणून एकत्र देतो.

वायू हळूहळू, दहा-दहा हजार वर्षांत वाढला तर खडक झिजून नद्यांतून अल्कता येत राहते आणि समुद्रतळाचा चुनखडक विरघळून कार्बोनेट भरून काढतो. सामू कमी असला तरी संपृक्तता टिकते आणि कवचं बनत राहतात. डायनासोरच्या काळात तसंच होतं. ५.६ कोटी वर्षांपूर्वी मात्र कार्बन भूशास्त्राच्या हिशेबात झपाट्याने आला. तेव्हा खोल समुद्राच्या तळावरची चुनकट माती विरघळून गेली, तळाशी राहणारे अनेक कवचवाले सूक्ष्मजीव कायमचे संपले, आणि समुद्र सावरायला एक लाखाहून अधिक वर्षं लागली. आज आपण कार्बन त्याहूनही वेगाने सोडतो आहोत. उद्या उत्सर्जन थांबलं तर वरचा थर काही दशकांत ते शतकांत सुधारू लागेल, पण खोल पाण्यात उतरलेला कार्बन हजारो वर्षं राहील. सूर्यप्रकाश अडवून पृथ्वी थंड करण्याच्या ज्या योजना मांडल्या जातात त्यांनी यात काहीच सुधारत नाही, कारण वायू तिथेच राहतो.

आता चुना. नुसती चुनखडीची पूड किंवा शिंपल्यांचा चुरा वरच्या पाण्यात टाकून उपयोग नाही. तिथे संपृक्तता अजून १ च्या वर आहे, म्हणून तो विरघळतच नाही. भाजलेला चुना विरघळतो, पण १ टन चुनखडी भाजताना दगडातूनच ४४० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा. तो पकडून पुरला नाही तर कमाई बरीचशी तिथेच जाते. शिवाय समुद्र दरवर्षी सुमारे १००० कोटी टन वायू घेतो, त्याच्या तोडीचा चुना खणायचा, भाजायचा आणि वाहायचा म्हणजे जगाच्या सिमेंट उद्योगाहून मोठा उद्योग उभा करणं आलं. एखाद्या खाडीपुरतं किंवा उबवणीच्या टाकीपुरतं ते शक्य आहे, आणि खुल्या समुद्रात छोटे प्रयोग व्हायला माझी हरकत नाही.

बेसाल्टच्या पुडीची कल्पना जास्त गंभीरपणे घेण्यासारखी आहे. दख्खनचा बेसाल्ट पावसातला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटमध्ये बदलतोच (प्रश्न ११). दगड दळून शेतात पसरला की हे काम जलद होतं. खडी क्रशरची भुकटी आपल्याकडे ढिगाने पडलेली असते. अडचण आपल्या जमिनीची आहे. जिथे जमिनीचा सामू ८ च्या वर आहे आणि मुक्त चुना जास्त आहे, तिथे तयार झालेलं बायकार्बोनेट नदीपर्यंत पोचण्याआधीच मातीत कार्बोनेट होऊन बसतं आणि पकडलेल्या वायूतला निम्मा परत हवेत जातो. इगतपुरी-त्र्यंबकच्या भरपूर पावसाच्या, किंचित आम्लधर्मी लाल मातीत हा उपाय जास्त चालेल. निफाडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत कमी. कोणी तुमच्या शेतावर पूड टाकून कार्बन क्रेडिट द्यायला आला, तर आधी माती आणि पाण्याचा रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवा आणि मुक्त चुन्याचं काय करणार ते विचारा.